अल्फा-बीटाचा जन्मकाळ

त्रिकोणाच्या कोनांना अल्फा, बीटा अशी नावे द्यायची, किरणोत्सारी पदार्थांतून निघणाऱ्या किरणांना अल्फा, बीटा, गॅमा म्हणायचे, एखाद्या राशीतला बदल डेल्टाने दाखवायचा, हे आपण वर्गात नेहमीच करतो. ही ग्रीक अक्षरे आहेत, असेही सांगतो. पण एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘अल्फा म्हणजे काय?’ असे विचारले, तर ग्रीक शब्दकोश उघडून फारसा उपयोग होत नाही. ग्रीक भाषेत अल्फा हे एका अक्षराचे नाव आहे, त्यापलीकडे त्याला काही अर्थ नाही. अर्थ सापडतो तो भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या फिनीशियन लोकांच्या भाषेत. तेथे ‘आलेफ’ म्हणजे बैल, ‘बेत’ म्हणजे घर आणि ‘दालेत’ म्हणजे दार. आलेफ, बेत, गिमेल, दालेत हा त्यांच्या अक्षरांचा क्रम. तोच क्रम ग्रीकांनी अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असा उचलला.

ग्रीकांनी हे कधी लपवले नाही. आपल्या अक्षरांना ते ‘फिनीशियन अक्षरे’च म्हणत. इ.स.पू. पाचव्या शतकातला इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की कॅडमस नावाच्या पुरुषाबरोबर आलेल्या फिनीशियनांनी ही विद्या ग्रीसमध्ये आणली. कॅडमसची कथा खरी मानण्याचे कारण नाही. पण अक्षरे उसनी आहेत, याबद्दल आज कोणालाही शंका नाही.

वाद आहे तो दोन गोष्टींबद्दल. ही उसनवारी केव्हा झाली? आणि तिच्यात जी एक मोठी सुधारणा झाली, ती नक्की कोणी केली? पाठ्यपुस्तकांत याचे ठरलेले उत्तर असते: इ.स.पू. आठव्या शतकात, ग्रीकांनी. हे उत्तर वाटते तितके पक्के का नाही, ते पाहण्यासाठी आपल्याला ग्रीसच्या बाहेर, तुर्कस्तानातल्या एका राजाच्या थडग्यापर्यंत जावे लागेल.

न ऐकू आलेली व्यंजने

फिनीशियन लिपीत २२ अक्षरे होती आणि ती सर्व व्यंजनांची होती. लिहिण्याची दिशा उजवीकडून डावीकडे. स्वर लिहायचेच नाहीत, म्हणजे काय होते, याचा अनुभव वर्गात सहज देता येईल. फळ्यावर फक्त ‘क-ळ’ एवढी व्यंजने लिहा आणि शब्द ओळखायला सांगा. कळ, काळ, काळा, काळी, कळी, केळ, केळी, कोळी, कूळ असे अनेक शब्द मुले सांगतील. मराठी अशी लिहिली तर वाचणारा मेटाकुटीला येईल. फिनीशियन ही अरबी आणि हिब्रू यांच्या कुळातली भाषा. या भाषांत शब्दाचा मूळ अर्थ व्यंजनांच्या सांगाड्यात असतो आणि कोणताही शब्द स्वराने सुरू होत नाही. म्हणून त्यांचे अशा लिपीवर बरेचसे भागत होते.

‘कोणताही शब्द स्वराने सुरू होत नाही’ हे वाक्य आपल्याला विचित्र वाटेल. आलेफ हा शब्द ‘आ’ने सुरू होत नाही का? फिनीशियनांच्या कानाला नाही. ‘आ’च्या आधी घसा क्षणभर बंद होऊन उघडतो, त्या खटक्याला ते व्यंजन मानत आणि आलेफ हे अक्षर त्या खटक्याचे होते. असे आणखी एक अक्षर ‘आयिन’. त्याचा अर्थ डोळा, आणि म्हणून आकार वाटोळा. त्याचा उच्चार घशात खोलवर होतो. अरबीत हे व्यंजन आजही आहे. अक्कल, अजब, इमारत, ईद हे आपल्या ओळखीचे शब्द मूळ अरबीत याच व्यंजनाने सुरू होतात. ते मराठीत आले तेव्हा ते व्यंजन आपल्या कानाने टिपलेच नाही. पुढचा स्वर तेवढा राहिला. आपल्याला त्यात काही हरवल्यासारखेही वाटत नाही.

फिनीशियनांकडून अक्षरे शिकणाऱ्या परक्याचे नेमके हेच झाले असावे. शिकवणारा म्हणाला, ‘हे आलेफ’; शिकणाऱ्याला पहिला ध्वनी ऐकू आला ‘आ’. मग ते चिन्ह ‘आ’चे झाले. ‘हे’ नावाच्या अक्षराचे ‘ए’ झाले, ‘योद’चे ‘इ’ झाले आणि वाटोळ्या आयिनला ‘ओ’ची जागा मिळाली. ‘वाव’ या सहाव्या अक्षराचे तर दोन भाग पडले. एक रूप जुन्या जागी ‘व’साठी राहिले आणि दुसरे रूप रांगेच्या शेवटी, ‘त’च्या मागे नेऊन ‘उ’साठी बसवले. (रोमन लिपीतली एफ, यू, व्ही, डब्ल्यू आणि वाय ही पाचही अक्षरे या एका वावची वंशज आहेत.) अशा रीतीने पाच स्वरांना स्वतंत्र चिन्हे मिळाली आणि ती व्यंजनांच्या रांगेतच, त्यांच्या बरोबरीने बसली. आपल्या वर्णमालेत स्वर आधी, मग कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांप्रमाणे व्यंजने, अशी शास्त्रशुद्ध मांडणी आहे. ग्रीक रांगेत तशी काही शिस्त दिसत नाही, त्याचे कारण हेच. रांग परक्यांची आहे आणि स्वर जिथे जागा मिळाली तिथे बसले आहेत.

स्वर सुचवण्याची कल्पना अगदीच नवी होती, असे मात्र नाही. फिनीशियनांचे शेजारी अरामी लोक इ.स.पू. नवव्या शतकात शब्दाच्या शेवटी हे, वाव, योद ही अक्षरे स्वराची खूण म्हणून वापरत होते. पण ती खूणच होती, नियम नव्हता. आणि आयिनला ‘ओ’ मानण्याचा प्रकार त्यांच्याकडे कधीच झाला नाही. हा आयिनचा मुद्दा लक्षात ठेवावा, लवकरच त्याचा उपयोग होईल.

दुसरे मूल

ग्रीसच्या पूर्वेला एजियन समुद्र ओलांडला की आजचे तुर्कस्तान लागते. तेथील पठारावर इ.स.पू. पहिल्या सहस्रकात फ्रिजियन लोकांचे राज्य होते. त्यांची राजधानी गॉर्डियन, अंकाराच्या नैर्ऋत्येस पोलात्ली गावाजवळ, एजियन समुद्रापासून चारशे किलोमीटरहून अधिक आत. हात लावील त्याचे सोने करणारा मिडास राजा इथला, आणि सिकंदराने इ.स.पू. ३३३ मध्ये ज्या गाठीवर तलवार चालवली अशी कथा आहे ती गाठही इथलीच. सोन्याची गोष्ट सोडून द्या, पण मिडास हा खरा राजा होता. असिरियाचा सम्राट दुसरा सार्गोन याच्या इ.स.पू. ७१८ ते ७०९ या काळातील नोंदींत ‘मिता’ नावाचा प्रबळ शेजारी राजा येतो. तो हाच, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

फ्रिजियन भाषेतले शेकडो छोटेमोठे लेख सापडले आहेत. ते वाचता येतात, कारण त्यांची लिपी ग्रीक लिपीसारखी आहे; अर्थ मात्र थोडाच लागतो. एका खडकात कोरलेल्या भव्य दर्शनी भिंतीवर मिडासचे नाव आहे आणि त्याच्यापुढे ‘लवागताएइ वनाक्तेइ’ अशा पदव्या आहेत. ग्रीकमध्ये ‘वनाक्स’ म्हणजे राजा. भाषा ग्रीकच्या नात्यातली आहे, हे यावरून कळते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती अक्षरे. फ्रिजियन लिपीत १९ अक्षरे आहेत. त्यांतली १७ ग्रीक अक्षरांशी जुळतात. यात आश्चर्य नाही, दोघांचा उगम फिनीशियनमध्येच आहे. आश्चर्य आहे ते स्वरांचे. फ्रिजियनमध्येही आलेफचा ‘आ’ आहे, हेचा ‘ए’, योदचा ‘इ’. आयिनचा ‘ओ’ आहे. वावचे दोन भाग पडलेले आहेत, एक ‘व’साठी, दुसरा ‘उ’साठी.

एखाद्या परीक्षेत दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरे सारखी आली तर आपण संशय घेत नाही. पण एकाच विचित्र जागी दोघांनी एकच विचित्र गोष्ट लिहिली, तर घेतो. आयिनचा ‘ओ’ करणे आणि वाव दुभंगणे या अशा विचित्र गोष्टी आहेत. दोन समाजांना त्या स्वतंत्रपणे सुचल्या, हे संभवत नाही. म्हणजे स्वरांची कल्पना एकदाच, एकाच ठिकाणी निघाली आणि ग्रीक व फ्रिजियन या तिच्या दोन शाखा आहेत. त्यांचे नाते तीन प्रकारचे असू शकते. फ्रिजियनांनी ग्रीकांकडून घेतली, किंवा ग्रीकांनी फ्रिजियनांकडून, किंवा दोघांनी कुठल्या तरी तिसऱ्या ठिकाणाहून.

तिसरी शक्यताही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि उत्तर सीरियात फिनीशियन भाषा राजेलोक शिलालेखांसाठी वापरत. झिंजिर्ली येथील किलामुवा राजाचा फिनीशियन लेख इ.स.पू. ८२५ च्या सुमाराचा आहे. काराटेपे येथे आठव्या शतकातला एक मोठा लेख फिनीशियन आणि लुवियन अशा दोन भाषांत शेजारी शेजारी कोरलेला आहे. ग्रीक व्यापारी, फ्रिजियन दूत आणि फिनीशियन लेखनिक एकमेकांना भेटावेत, असा हा प्रदेश होता. सायप्रस बेटाचे नावही याच कारणासाठी घेतले जाते.

खापरांची साक्ष

आता काळाकडे वळू. ग्रीसमध्ये याआधीही एक लिपी होती. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी जिची उकल केली ती ‘लिनिअर बी’. ती इ.स.पू. १२०० च्या सुमारास राजवाड्यांबरोबर नष्ट झाली. त्यानंतर ग्रीसच्या मुख्य भूमीवर चार शतके लेखनाचा मागमूस नाही. मग एकदम मडक्यांवर ओरखडलेली अक्षरे दिसू लागतात.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अथेन्सच्या डिपिलॉन वेशीजवळ १८७१ साली सापडलेला मद्याचा घडा. सर्व नर्तकांत जो सर्वांत सहज नाचेल त्याला काही तरी मिळेल, अशा आशयाची उजवीकडून डावीकडे लिहिलेली ओळ त्यावर आहे. हा घडा इ.स.पू. ७४० च्या सुमाराचा मानतात. इटलीजवळच्या इस्किया बेटावर १९५४ साली मिळालेल्या एका पेल्यावर तीन ओळी आहेत आणि त्यांत नेस्टर या महाकाव्यातल्या वृद्ध राजाच्या पेल्याचा उल्लेख आहे. तो इ.स.पू. ७२० ते ७३० च्या सुमाराचा. उत्तर ग्रीसमधील मेथोनी येथे २००३ पासूनच्या उत्खननात एका खोल खड्ड्यातून अक्षरे आणि खुणा कोरलेली खापरे मोठ्या संख्येने निघाली. ‘मी हाकेसान्द्रोसचा’ असे एक पेला तेथे स्वतःच सांगतो. एरेट्रिया येथील अपोलोच्या देवस्थानातूनही अशीच आठव्या शतकातली खापरे मिळाली, आणि त्यांच्यातच एका खापरावर चक्क सेमिटिक, म्हणजे फिनीशियनांच्या कुळातल्या लिपीतली अक्षरे आहेत. रोमजवळच्या ओस्तेरिया देल्ओसा येथील थडग्यातल्या एका कुपीवर जेमतेम पाच अक्षरे आहेत, पण ती इ.स.पू. ७७० किंवा त्याहूनही आधीची धरतात.

येथे थोडे थांबून विचारले पाहिजे, की या तारखा कळतात कशा? मडक्यांवर साल लिहिलेले नसते. ग्रीक मडक्यांची नक्षी पिढीगणिक बदलत गेली, तिचा क्रम पुरातत्त्वज्ञांनी लावला आहे. त्या क्रमाला सनावळीची खुंटी मिळते ती थुसिडिडीस या इतिहासकाराने दिलेल्या सिसिलीतल्या ग्रीक वसाहतींच्या स्थापनाकालांवरून. सिराक्यूज इ.स.पू. ७३३ च्या सुमारास वसले असेल, तर तिथल्या सर्वांत खालच्या थरातली मडकी त्या सुमाराची. म्हणजे आपल्या ‘७४०’मागे एक नक्षी, तिच्यामागे एक थर आणि त्याच्यामागे तीन शतकांनंतर लिहिणाऱ्या इतिहासकाराचा शब्द आहे. पंचवीस-तीस वर्षे इकडेतिकडे सहज होऊ शकतात.

दुसरी अडचण अधिक साधी आहे. डिपिलॉनच्या घड्यावरची अक्षरे घडा भाजल्यानंतर ओरखडलेली आहेत. घड्याचे वय कळले, तरी त्यावरून एवढेच ठरते, की लेखन त्याच्या आधीचे नाही. नंतरचे असू शकते. ‘याच्या नंतरचे नाही’ असे सांगायला वेगळा पुरावा लागतो. वस्तू एखाद्या थडग्यात बंद झाली असेल आणि ते थडगे केव्हा बंद झाले हे कळत असेल, तर असा पुरावा मिळतो. कालनिर्णयात या दोन मर्यादांची गल्लत फार होते, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितले.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. सर्वांत जुने सापडलेले लेखन हे सर्वांत जुने लेखन असते का? अमेरिकन विद्वान रीस कार्पेंटर यांनी १९३३ साली ठामपणे सांगितले, की आधीच्या शतकांतली हजारो खापरे कोरी आहेत, त्याअर्थी तेव्हा लेखन नव्हतेच. ग्रीक लिपी आठव्या शतकाच्या अखेरीच्या आधी नेता येत नाही. उलट, सेमिटिक लिप्यांचे तज्ज्ञ योसेफ नावेह यांनी १९७३ साली ती इ.स.पू. ११०० च्या सुमाराची ठरवली. त्यांचा मुद्दा असा: सर्वांत जुने ग्रीक लेख कधी उजवीकडून, कधी डावीकडून, कधी नांगरटीसारखे एका ओळीत इकडून आणि दुसरीत तिकडून जातात. फिनीशियनांची दिशा तर अकराव्या शतकाच्या मध्यापासून पक्की झालेली होती. तेव्हा ग्रीकांनी ती पक्की होण्यापूर्वीच शिकून घेतली असणार. याला उत्तर देणारे म्हणतात, की ग्रीक ‘कप्पा’चा आकार नवव्या शतकातल्या फिनीशियन ‘काफ’शी जुळतो, त्याआधीच्या तीन बोटांसारख्या काफशी नाही. एकाच लिपीचे दिशेवरून एक वय निघते आणि आकारावरून दुसरे. दोनशे-तीनशे वर्षांचा फरक!

माझ्या मते कार्पेंटर यांच्या युक्तिवादातली कच्ची बाजू खापरांच्याच भरवशावर राहण्याची आहे. लोक काय फक्त मडक्यांवरच लिहीत होते? हेरोडोटस सांगतो, की आयोनियातले ग्रीक पुस्तकांना ‘कातडी’ म्हणत, कारण पूर्वी ते बकऱ्या-मेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत. कातडे, लाकूड, मेण ग्रीसच्या जमिनीत टिकत नाहीत. मेण टिकलेले एक ठिकाण मात्र आहे.

ओंडके आणि बिया

गॉर्डियनजवळ एक प्रचंड मातीचे टेकाड आहे. उंची ५३ मीटर, व्यास सुमारे ३०० मीटर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाचे रॉडनी यंग यांनी १९५० पासून येथे उत्खनन केले आणि १९५७ साली बोगदा खणून ते टेकाडाच्या पोटात शिरले. आत लाकडी खोली शाबूत होती. जगातल्या आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी वास्तूंत तिची गणना होते. आत साठीतल्या एका पुरुषाचा सांगाडा, लाकडी सामान आणि दीडशेहून अधिक काशाची भांडी होती. (भांड्यांत वाळलेल्या गाळाचे पुढे रासायनिक विश्लेषण झाले, द्राक्षाची दारू, सातूची बिअर आणि मधाची दारू यांचे मिश्रण पाहुण्यांनी प्यायले होते, असे त्यातून निघाले.) काही वाडग्यांवर मेणाची पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर फ्रिजियन अक्षरांत नावे कोरलेली होती. हवा आणि ओल यांपासून बंद राहिल्यामुळे ते मेण वाचले.

डिपिलॉनच्या घड्याबद्दलची अडचण येथे उरत नाही. खोलीवर टेकाड रचल्यानंतर आत जाऊन नाव कोरणे कोणालाही शक्य नव्हते. तेव्हा खोली केव्हा बांधली हे कळले, की ‘याच्या नंतरचे नाही’ ही मर्यादा हाती येते. आणि ते सांगायला प्रत्यक्ष लाकूडच हजर आहे.

झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढते, पावसाच्या वर्षी रुंद, दुष्काळात अरुंद. एकाच प्रदेशातल्या झाडांत रुंद-अरुंद वलयांची रांग सारखी येते, म्हणून अनेक ओंडके जुळवून शेकडो वर्षांची सलग मालिका करता येते. खोलीभोवती रचलेल्या जुनिपरच्या ओंडक्यांवर पीटर कुनिहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. पण ही मालिका आजच्या जिवंत झाडांपर्यंत येऊन पोचत नाही; ती अधांतरी लोंबकळते. तिला सनावळीवर बसवण्यासाठी कार्बन-१४ची मदत घ्यावी लागते.

कार्बन-१४चा अर्धायुकाल ५७३० वर्षे, हे आपण शिकवतो. शिल्लक कार्बन मोजला की वय निघते, हेही सांगतो. प्रत्यक्षात वातावरणातले कार्बन-१४चे प्रमाण नेहमी सारखे नव्हते, त्यामुळे मोजलेले वय आणि खरे वय यांचा एक वेडावाकडा आलेख तयार होतो. नेमका आपल्या कामाचा काळ या आलेखाचा सर्वांत त्रासदायक भाग आहे. साधारण इ.स.पू. ७५० ते ४०० या काळात आलेख जवळजवळ सपाट आहे. म्हणजे इ.स.पू. ७०० मधले धान्य आणि ४५० मधले धान्य प्रयोगशाळेत जवळपास सारखेच ‘वय’ सांगतात! पण ८०० च्या आसपास आलेखाला तीव्र उतार आहे, तेथे काही दशकांचा फरकही स्पष्ट दिसतो.

ओंडक्यांच्या बाबतीत यातून वाट निघते. एकाच लाकडातल्या, मधले अंतर ठाऊक असलेल्या वलयांचे अनेक नमुने घ्यायचे आणि त्यांचा चढउतार आलेखाच्या चढउताराशी जुळवायचा. एक बिंदू फसवू शकतो, पण बिंदूंची पूर्ण ओळ सहसा फसवत नाही. १९९६ साली शेवटच्या वलयाची तारीख इ.स.पू. ७१८ अशी जाहीर झाली. २००१ साली स्टर्ट मॅनिंग, कुनिहोम आणि सहकाऱ्यांनी अधिक नमुन्यांवरून ती सुमारे ७४० वर नेली. बावीस वर्षांच्या या फरकाने टेकाडातल्या माणसाची ओळख बदलली. मिडास तर ७०९ पर्यंत असिरियनांशी झगडत होता. मग ७४० मध्ये पुरलेला हा वृद्ध बहुधा त्याचा बाप किंवा पूर्वज. टेकाडाला मात्र लोक अजून मिडासचेच म्हणतात.

याच सुमारास गॉर्डियनच्या गढीबद्दलही मोठी उलथापालथ झाली. गढीत एका भीषण आगीचा थर आहे. किमेरियन टोळ्यांनी फ्रिजियावर धाड घातली तेव्हा मिडासने बैलाचे रक्त पिऊन आत्महत्या केली, अशी कथा स्ट्रेबोने दिली आहे. तिच्या आधारावर ही आग इ.स.पू. ७०० च्या सुमाराची, असे यंग यांनी धरले होते. पण जळालेल्या इमारतीत साठवलेल्या सातू, मसूर आणि जवस यांच्या बिया तपासल्या तेव्हा त्या ८०० च्या आसपासच्या निघाल्या. धान्य शतकभर कोठारात ठेवून कोणी आगीची वाट पाहत नाही. कीथ डेव्ह्रीस, कुनिहोम, केनेथ सॅम्स आणि मेरी व्होइट यांनी २००३ साली ही नवी सनावळी मांडली. ऑस्कर मस्कारेला यांच्यासारख्या जुन्या उत्खननकर्त्यांनी तिला कडाडून विरोध केला, पण बहुतेकांनी ती आता स्वीकारली आहे.

यंग यांनी १९६९ सालीच फ्रिजियन लिपी ग्रीक लिपीइतकी जुनी असल्याचे म्हटले होते. आग शंभर वर्षे मागे गेल्यावर तिच्या वरच्या थरांतली खापरेही मागे सरकली. क्लोद ब्रीक्स यांनी २००४ साली हिशेब पुन्हा मांडला आणि सर्वांत जुने फ्रिजियन लेख आठव्या शतकाच्या पहिल्या अर्धात, अगदी ८०० च्या जवळही जातात, असे दाखवले. म्हणजे ज्या लिपीला ग्रीकची धाकटी नक्कल समजत होते, तिचे लेख निदान ग्रीक लेखांइतके जुने ठरले.

मग ग्रीकांनी स्वर फ्रिजियनांकडून घेतले का? येथे अक्षरांची यादीच उपयोगी पडते. ग्रीकांच्या जुन्या रांगेत फिनीशियनांची जवळपास सर्व अक्षरे आहेत. ‘थीटा’ आहे, ‘कोप्पा’ आहे, आणि ‘स’च्या जातीची तर नको इतकी आहेत. फ्रिजियनमध्ये थीटा आणि कोप्पा दिसत नाहीत. भरलेल्या डब्यातून काही काढून टाकता येते. पण रिकाम्या डब्यातून घेणाऱ्याच्या हाती आधी नसलेली वस्तू कशी येणार? फ्रिजियनांकडून शिकलेल्या ग्रीकाला थीटा पुन्हा तिच्या मूळ नवव्या जागी बसवण्यासाठी फिनीशियनांकडे दुसऱ्यांदा जावे लागले असते. म्हणून फ्रिजियन लिपी ग्रीकपासून, किंवा ग्रीकसारख्याच पूर्ण अशा एखाद्या मूळ रांगेपासून निघाली, हे मला अधिक पटते. यातली कोणतीही गोष्ट खरी असली तरी काळाचा निष्कर्ष एकच निघतो. समुद्रापासून इतक्या आत ८०० ते ७५० या काळात ही अक्षरे वापरात असतील, तर मूळ रांग त्याआधी तयार असली पाहिजे. नववे शतक हा अंदाज आज अनेकांना सोयीचा वाटतो. क्नोसॉसजवळच्या एका थडग्यात इ.स.पू. ९०० च्या सुमाराचा फिनीशियन अक्षरे कोरलेला काशाचा वाडगा मिळालेला आहे, तेव्हा शिकवणारे तर ग्रीकांच्या दारात हजर होतेच. ‘स्वरांचा शोध आठव्या शतकात ग्रीकांनी लावला’ या वाक्यातले ‘आठव्या’ हे विशेषण आता वर्गात सांगताना सोडून द्यावे. ‘ग्रीकांनी’च्या पुढे ‘बहुधा’ घालावे.

फ्रिजियन लिपीतल्या १९ पैकी दोन अक्षरे ग्रीकमध्ये त्या रूपात नाहीत, हे वर आलेच आहे. त्यांतले एक वर टोक केलेल्या बाणासारखे दिसते. त्याचा उच्चार ‘त्स’ की ‘झ’, यावर अजून वाद आहे. २००७ साली रिचर्ड लिबहार्ट यांना टेकाडातल्या त्या खोलीच्या एका तुळईवर कोरलेली चार नावे दिसली. खोली उघडून पन्नास वर्षे झाली होती, कितीतरी अभ्यासक तेथे वावरून गेले होते, पण ती ओरखड्यांसारखी अक्षरे कोणाच्या नजरेत आली नव्हती. चारांपैकी एक नाव मेणाच्या पट्टीवरच्या एका नावाशी जुळते. दफनाला हजर असलेला हा कोणी मानकरी असावा. त्याच्या नावाच्या मधोमध तो बाण आहे. इ.स.पू. ७४० मध्येच फ्रिजियनांनी उसन्या रांगेत आपल्या जिभेसाठी वेगळे अक्षर घातलेले होते आणि ते लाकडावर कोरणाऱ्याच्या हाताला चांगले सरावलेले होते.